दहा महिन्यांचा नेचा

५ जानेवारी

आशीर्वाद आहेत असं धरून पुढे वाच. खुशाली विचारत नाही. तू खुशालच असशील, तुझी तशी रीतच आहे.

नऊ वर्षांनी लिहिते आहे म्हणून फार फुगू नकोस. आठवण आली म्हणून नाही, सल्ला हवा म्हणून लिहिते. तुझी मुलगी माझ्यापासून काहीतरी लपवते आहे, आणि लपवाछपवीत आपल्या घरात तुझ्याएवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही. नवरा जाऊन दोन वर्षं झाली नव्हती तेव्हा तू रोज दूध आणायला स्टॉपवरच्या दुकानात जायचीस. दूध आपल्या दारात येत होतं. तो बसचा कंडक्टर आणि तू दीड वर्ष बोलत होतात, आणि पोरीला माझ्याकडे सोडून तू त्याच्या गावी निघालीस तोवर मला गंध नाही. तेव्हा तूच सांग, अशा वेळी माणूस कुठून पकडावं.

मुंगी आता वीस वर्षांची आहे. नाव तेच चालू आहे, कारण दिसेल ते उचलून घरी आणायची सवय गेलेली नाही. सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, जीवशास्त्र घेतलंय. आमच्या खिडकीत सहा बाटल्या आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा बसवलाय. खाली पाण्यात पांढरी मुळं लोंबतात. त्या मुळाचं टोक कापून, रंगवून, काचेवर चिरडून हे लोक भिंगाखाली बघतात. मी विचारलं, काय दिसतं? म्हणाली, एका पेशीच्या दोन होताना दिसतात. मी म्हटलं, कांदे मात्र सहाचे पाचच होतात, एक काल भाजीत गेला. शिवाय एका बाटलीत केळ्याचा लगदा आणि त्यावर माशा, मुद्दाम पाळलेल्या. मी जन्मभर माशा हाकलल्या, ही त्यांच्यात लाल डोळ्यांच्या किती आणि पांढऱ्या डोळ्यांच्या किती ते मोजत बसते.

आणि माझी गादी. झाडंझुडपं वर्तमानपत्रात घालून दाबून वाळवायची असतात, मग जाड कागदावर चिकटवायची. त्यासाठी लाकडी दाब मिळतो, पण ही म्हणते, "आजी, तुझ्या वजनासारखा दाब कॉलेजातही नाही." तेव्हा ऑगस्टपासून मी गवतावर झोपते. ओले कागद काढून कोरडे घालायचं कामही माझ्याकडेच. तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री मारली, सुरकुती कशी काढायची ते मला शिकवायला नको.

हे सगळं मी चालवून घेते. चालवून घेत नाही तो रविवार. महिन्याचा पहिला रविवार आला की ही सकाळी सहाला बाहेर पडते आणि दिवेलागणीला परत येते. म्हणते, क्लासची सहल, झाडं बघायला. ऑगस्टपासून एकही रविवार चुकलेला नाही. काल सहावा झाला.

लाँड्रीत मी आणखी एक शिकले, खिसे वाचायला. हिचे खिसे मी दर सोमवारी उलटे करते. पेन्सिलीचा भुगा निघतो, पण बसचं तिकीट एकदाही निघालं नाही. म्हणजे कोणाच्या तरी गाडीतून जाते. आणि कपड्यांना मातीचा वास येत नाही, डिझेलचा येतो. आता तू सांग मी काय समजू.

तुझी पत्रं मी तिला वेळच्या वेळी देत आले. तिने उत्तर दिलं नाही, तर त्यात माझा दोष नाही.

तुझी आई

२१ जानेवारी

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांचा राग असेल, दोन पानं तरी शिव्या असतील म्हणून बसून घेतलं, तर सगळ्या मिळून सहा ओळी, आणि त्याही गोड.

"आई, ती शहाणी आहे. जीवशास्त्राच्या मुलांना बाहेर हिंडावंच लागतं. तिच्या पाळतीवर राहू नकोस." इथपर्यंत ठीक. शेवटी लिहितेस, "तिच्या खोकल्याला रोज मध देत जा."

मी चष्मा पुसून ही ओळ चारदा वाचली. मग मी तुला काय काय लिहिलं होतं ते एकेक करून आठवलं. कांदे लिहिले, माशा लिहिल्या, गादी लिहिली. खोकला लिहिला नव्हता. खोकला तिला डिसेंबरपासून आहे, वाळल्या पानांना कीड लागू नये म्हणून त्यात डांबराच्या गोळ्या घालते त्यामुळे. हे मला माहीत, तिला माहीत आणि औषधाच्या दुकानदाराला माहीत. तुला कोणी सांगितलं?

उत्तर देण्याआधी नीट विचार कर. खोटं बोलायचं तर नीट जमव, मागच्यासारखं अर्धवट नको.

मध देते आहे. तू सांगितलंस म्हणून नाही, आधीपासूनच.

तुझी आई

९ फेब्रुवारी

उत्तर नाही. मलाही घाई नाही.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कधीपासून सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसत होतं, ते काढलं. शनिवारी केलं आणि रविवारी अकराला पट्टी सोडली. तो महिन्याचा पहिला रविवार होता. मुंगीला मी आधी सांगून ठेवलं होतं, त्या वेळी तू समोर पाहिजेस. म्हणाली, "आजी, त्या दिवशी प्रॅक्टिकलची तयारी आहे, सगळ्यांना बोलावलंय. शिवणवाल्या काकू येतील ना." शेजारची शिवणवाली आली. पट्टी सोडल्यावर मला या डोळ्याने पहिलं काय दिसलं, तर तिची मिशी. इतकी वर्षं शेजार आहे, मला ठाऊकच नव्हतं.

मुंगी संध्याकाळी आली, डिझेलचा वास घेऊन. माझा हात हातात धरून बसली, रडलीसुद्धा. मी म्हटलं, डोळा माझा कापलाय, पाणी तुझं कशाला?

चार दिवसांनी मी कॉलेजात गेले. डोळ्याला काळा चष्मा होता, त्यामुळे सगळे बाजूला होत होते. ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं, शेवटच्या वर्षाच्या सहली कोणत्या रविवारी असतात? तो म्हणाला, "आजी, वर्षातून एकच. नोव्हेंबरात झाली, तीही गुरुवारी." मग मी त्यांच्या वनस्पतीच्या मॅडमना गाठलं. बाई बारीक आहे, पण नजर चांगली. मी कोण ते कळल्यावर म्हणाली, "तुमची नात फार शिस्तीची आहे हं. सात महिन्यांत तिने एक महिना चुकवला नाही. बाहेरचे परीक्षक मे महिन्यात येतील, तिचा प्रोजेक्ट बघून खूश होतील. पुढच्या शिक्षणाला तिला जागा मिळणार ती त्याच्याच जोरावर."

मी कळल्यासारखी मान हलवली आणि निघून आले. काय चुकवलं नाही, ते विचारायची लाज वाटली. आपल्याच घरातली गोष्ट परक्या बाईला विचारायची म्हणजे.

आता दोन गोष्टी मला पक्क्या माहीत आहेत. सहल नाही, आणि कॉलेजला सगळं माहीत आहे. मला नाही.

तुझी आई

१० मार्च

या पत्राला मायना नाही. तुला काय म्हणून हाक मारू ते आज सुचत नाही.

गेल्या सोमवारी कागद बदलायला गादी वर केली. आधीच्या रविवारी तिने एक नवीन घडी तिथे सरकवली होती. इतके महिने मी कागद नुसते हाताने ओळखायचे, ओला की कोरडा. आता डोळा आहे, म्हणून वाचलं. आपल्याकडे येतो तो पेपर नव्हता. पाणी दोन दिवस येणार नाही, ते तुमच्या गावाचं पाणी. डेपोचं नवीन वेळापत्रक, ते तुमच्या डेपोचं. तारीख त्याच रविवारची. आत एक हिरवं पान होतं, नेच्याचं, कंगव्यासारखं.

ती कॉलेजात होती. कपाटावरचा तिचा मोठा पुठ्ठा मी खाली काढला. त्यात सात जाड कागद होते, प्रत्येकावर तसंच एक पान, दोऱ्याने टाचलेलं. काम स्वच्छ आहे, तेवढं कबूल करते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोनी चिठ्ठी. वरचं शास्त्रीय नाव परक्या अक्षरांत होतं, ते सोडलं. खालचं वाचलं.

"एकाच नेच्याचे दहा महिने निरीक्षण. पान सातवे. ठिकाण: आईच्या घरामागची भिंत, पाण्याच्या टाकीखाली, उत्तर बाजू, सावली. दिनांक १ फेब्रुवारी. वेळ सकाळी ११."

त्या दिवशी सकाळी अकराला मी कुठे होते ते तुला मागच्या पत्रात कळवलंय.

म्हणजे मी जानेवारीत तुला विचारत होते की पोरगी कुठे जाते, आणि ती आदल्याच दिवशी तुझ्या अंगणात बसून गेली होती. तू माझं पत्र वाचून हसली असशील. दोघींनी मिळून वाचलं का? कंडक्टरलाही वाचून दाखवलंत? तिकीट का निघत नव्हतं ते आता कळलं. साहेब आपल्या गाडीत फुकट बसवून नेत असणार.

मी काही केलेलं नाही. सगळे कागद होते तसे ठेवले आणि पुठ्ठा जागेवर ठेवला. मुंगीला एक अक्षर बोलले नाही. बघू, आपणहून कधी सांगते ते.

सही करत नाही. कोणाचं पत्र ते तुला कळेल.

८ एप्रिल

मागच्या पत्रात मी लिहिलं की काही केलं नाही. ते खोटं होतं. सातवं पान मी चुलीत घातलं. चिठ्ठीसकट. बाकीची सहा परत ठेवली.

का घातलं ते तुला समजावून सांगणार नाही. एक तारखेचं होतं म्हणून घातलं.

या रविवारी ती नववं पान घेऊन आली आणि सगळी क्रमाने लावायला बसली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "आजी, सातवं पान कुठंय?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझा पाला तू सांभाळ."

तिने पुठ्ठा झटकला, गादी उलटी केली, कपाट सरकवलं. मग एकदम बसली आणि म्हणाली, "बेंचवरची. तिनेच. मागच्या आठवड्यात बघायला म्हणून मागत होती, तिचं स्वतःचं काहीच झालेलं नाही." ही बेंचवरची म्हणजे तिच्या शेजारी बसणारी मुलगी, पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण. माझ्याकडे येऊन जेवून गेलेली आहे. मी उलटी केलेली गादी सरळ करून घातली. सोमवारी मुंगी कॉलेजात गेली आणि सगळ्या वर्गासमोर तिला चोर म्हणाली. ती पोरगी रडली, तिची पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली. काही निघालं नाही. घरी येऊन मुंगी म्हणाली, "उद्या मॅडमकडे तक्रार करते. तिचं नाव कमी करायला लावते."

मी भांडी घासत होते. हात न धुता सांगितलं, "तिने नाही, मी घेतलं. जाळलं."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "असं बघू नकोस. त्यात काय, भिंतीवर नेचा अजून आहे. दुसरं पान तोड आणि वर एक फेब्रुवारी घाल."

"तसं नसतं आजी. फेब्रुवारीत पानाच्या पाठीवर ठिपके नव्हते. त्यातून त्याची पुढची रोपं होतात, ते मार्चमध्ये यायला लागले. आता पाठ सगळी तपकिरी झालीय. आणि मॅडम म्हणतात, बाकी काही चुकलं तर चालेल, तारीख आणि ठिकाण खोटं लिहायचं नाही."

"मग घरी आठ महिने खोटं चाललं ते?"

"म्हणून तर कागदावर खरं लिहिलं. तुला दिसत नव्हतं तेव्हाही लिहिलं होतं."

मी पुन्हा भांडी घासायला घेतली.

मग तिने दुसरी गोष्ट काढली. "आणि ती पत्रं, आजी? माझ्या नावाची?" मी म्हटलं, कसली पत्रं. म्हणाली, "शिलाईच्या मशीनच्या पेटीतली. एकोणीस पाकिटं. दोन वर्षांपूर्वी सुई शोधताना सापडली. मी वाट बघत होते तू कधी देतेस. मग मागच्या उन्हाळ्यात पाकिटावरचा पत्ता उतरून घेतला आणि गेले."

तर तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं होतं की पत्रं वेळच्या वेळी दिली, तेही खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे तुला जानेवारीतच माहीत होतं, पण तू तसं एका अक्षराने दाखवलं नाहीस. हा तुझा चांगुलपणा की लबाडी, ते मला अजून ठरवता येत नाही. लबाडी असती तर मला बरं पडलं असतं.

पाकिटं मी फोडली नव्हती. एवढं तरी लिहून ठेवते.

तुझी आई

१७ एप्रिल

तुझं पत्र आलं. यावेळी अडीच पानं. त्यातलं पहिलं पान मला लागू आहे, ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्या पानावर तू रडली आहेस, तिथली शाई पसरली आहे, तेवढं मी सोडून दिलं.

इथलं कळवते. मुंगी बेंचवरचीच्या घरी जाऊन माफी मागून आली. मीही गेले होते. दारात उभी राहून म्हटलं, चोर मी आहे. तिची आई म्हणाली, जाऊ द्या हो, पोरींचं भांडण. पण पोरगी माझ्याकडे बघेना. तिचं बरोबर आहे.

मॅडमनी सांगितलं की सातवा कागद कोरा लावायचा, आणि चिठ्ठीवर पान का नाही त्याचं कारण लिहायचं. मार्क जातील. किती, ते परीक्षक ठरवतील. पुढच्या जागेचं काय होईल ते बाईंनाही सांगता आलं नाही. मुंगी कोरा कागद घेऊन बसली. तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, वेळ लिहिली. पुढे लिहिलं, "नमुना नष्ट झाला."

मी मागून वाचत होते. म्हटलं, "झाला म्हणजे? आपणहून झाला? उंदराने खाल्ला?"

"आजी, असंच लिहितात."

"मग मॅडमनी खरं तेच लिहायला सांगितलं होतं ना?"

ती लिहायला तयार होईना. म्हणाली, परीक्षक विचारतील, तुझी आजी अशी कशी. मी म्हटलं, विचारू देत. आणि पेन घेऊन तिच्या ओळीखाली मीच लिहिलं, "आजीने रागाने जाळला." चौथीनंतर शाळेच्या कागदावर मी काही लिहिलं नव्हतं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

तिने तो कागद दोऱ्याने इतरांमध्ये शिवला. सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये.

तुझी आई

२८ एप्रिल

हे पत्र लवकर वाच, कारण यात कामाचं आहे.

दहावं पान येत्या रविवारी, तीन तारखेला तोडायचं आहे. सोमवारी मुंगीचा पेपर आहे, प्राण्यांचा. ती म्हणते, बसमध्ये अभ्यास करीन, जाते-येते. चार तास जायचे, चार यायचे, वर खोकला. मी म्हटलं, तू बस इथे. एक महिना माझ्यामुळे गेला, दुसरा पेपरमुळे जायला नको. ती म्हणाली, "मग तोडणार कोण?"

तुला पत्र टाकून तूच तोडून पाठव असं सांगायचा तिचा विचार होता. मी नको म्हटलं. पोस्टात पान चुरतं. आणि खरं सांगायचं तर कुठलं तोडायचं ते तुला कळेल याची मला खात्री नाही. तू दिसेल ते पहिलं ओढशील. ते पूर्ण उघडलेलं हवं, टोक मुडपलेलं नको, ठिपके हाताने पुसलेले नकोत, देठ मुळापासून. हे तिने माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलंय. म्हणून मी येते आहे.

सकाळी सहाची बस, अकराच्या आत पोचेन. तुझ्या कंडक्टरला सांग, मला ओळख दाखवायची गरज नाही, मी तिकीट काढून बसणार. पुढची जागा रिकामी असेल तर ठेवली तरी चालेल, मला मागे उलटी होते.

पत्रं घेऊन येते, एकोणीसच्या एकोणीस. मुंगीने ती फोडली नाहीत. म्हणाली, आईनेच वाचून दाखवली तर ऐकेन. तेव्हा ती तुला परत देते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मला वाचून दाखवायची नाहीत.

चिठ्ठीत एक ओळ असते, "गोळा करणारी". नऊ कागदांवर तिथे मुंगी आहे. या कागदावर माझं नाव लागणार आहे, तिने लिहूनसुद्धा ठेवलंय. म्हणून सांगते, पान आधीच तोडून, पेपरात घालून तयार ठेवू नकोस. माझ्या हातात देऊन मला परतीच्या बसला बसवायचा बेत असेल तर तो सोड. पान मी तोडणार, आणि मला वाकायला वेळ लागतो.

तुझी आई